‘मी या पदासाठी योग्य का?’ : सरकारी नोकरीच्या अर्जाचा पाचशे वर्षांचा इतिहास

नेट झालं, गेट झालं, मार्कही बरे आले. मग एके दिवशी एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची जाहिरात येते आणि तुम्ही फॉर्म उघडता. नाव, जन्मतारीख, टक्केवारी, जातीचा दाखला, फोटो, सही, सगळं अर्ध्या तासात भरून होतं. आणि मग तो एक रकाना येतो: ‘आतापर्यंत केलेलं संशोधन आणि या पदावर करू इच्छित असलेलं काम, ५०० शब्दांत लिहा.’ इथे गाडी अडते ती शेवटच्या तारखेपर्यंत. शेवटच्या रात्री कुठल्यातरी सीनियरचा जुना अर्ज मागवला जातो, त्यातली नावं बदलली जातात आणि ‘लहानपणापासूनच मला विज्ञानाची आवड होती’ या वाक्याने सुरुवात करून रकाना भरला जातो.

या ब्लॉगवर आपण एरवी पेपर कसा वाचायचा, गाईड कसा निवडायचा, सिनॉप्सिस कसा लिहायचा अशा गोष्टी बोलतो. आज जरा इतिहासात जाऊ. कारण हा रकाना तुम्हाला छळण्यासाठी कुणीतरी काल तयार केलेला नाही. राजे, दरबार, कंपन्या आणि सरकारं यांनी माणसं निवडताना जे ठोकर खाल्ले, त्यातून तो घडला आहे. मधल्या काळात तो दोन-तीनदा मोडीत निघाला आणि पुन्हा परत आला. तो का परत येतो हे कळलं, की त्यात काय लिहायचं हे निम्मं कळतं.

‘अर्ज’ या शब्दापासून सुरुवात

‘अर्ज’ हा शब्द मूळ अरबी, आपल्याकडे फारसीच्या मार्गाने आला. मूळ अर्थ आहे समोर ठेवणं, सादर करणं. दरबारी कारभारात खालच्याने वरच्याला पाठवलेल्या कागदाला ‘अर्जदास्त’ म्हणत. त्या कागदात मायना, म्हणजे संबोधनाची ठरावीक ओळ, फार महत्त्वाची असे. कोणाला कोणत्या शब्दांत संबोधायचं हे चुकलं तर पुढचा मजकूर वाया.

हळूहळू ‘समोर ठेवणं’ मागे पडलं आणि ‘विनवणी’ तेवढी उरली. शाळेत आपण जे अर्ज लिहायला शिकलो ते आठवा. ‘कृपया माझ्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ आणि शेवटी ‘आपला आज्ञाधारक’. आजारपणाच्या रजेसाठी हे चालतं. पण नोकरीच्या अर्जातही आपण तोच सूर लावतो. मला संधी द्या, मी संधीचं सोनं करीन. यात समोर ठेवलेलं असं काहीच नसतं. वाचणाऱ्याच्या हातात काही पडत नाही.

आता ज्यांनी समोर काहीतरी ठेवलं अशा माणसांकडे जाऊ.

चित्रकाराने चित्रं शेवटी ठेवली

साधारण १४८२ ची गोष्ट. तिशीतला लिओनार्दो दा विंची मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागत होता. त्या पत्राचा मसुदा आजही ‘कोडेक्स अटलांटिकस’ या त्याच्या कागदांच्या संग्रहात आहे, पण अक्षर त्याचं नसावं असं अभ्यासक मानतात. म्हणजे चांगल्या अक्षरात लिहून देणारा कुणीतरी तेव्हाही शोधावा लागत होता!

पत्रात क्रमांक घालून मुद्दे आहेत. हलके, सहज हलवता येणारे पूल. वेढ्याच्या वेळी खंदकातलं पाणी काढण्याची युक्ती. तोफा. झाकलेल्या गाड्या. जहाजं. एकामागून एक सगळं युद्धाचं. मग शेवटी शेवटी, शांततेच्या काळात मी इमारती, शिल्पं आणि चित्रंही करू शकतो, असं थोडक्यात. आणि सर्वात शेवटी, यातलं काही अशक्य वाटत असेल तर तुमच्या बागेत प्रयोग करून दाखवायला तयार आहे.

जगाने पुढे ज्याला चित्रकार म्हणून ओळखलं, त्याने चित्रकला तळाला ठेवली. कारण लुडोविकोच्या डोक्यात शेजारच्या राज्यांशी चाललेली भांडणं होती. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: तो ‘विश्वास ठेवा’ म्हणत नाही, ‘तपासून बघा’ म्हणतो.

गॅलिलिओ: एकच दुर्बीण, दोन अर्ज

आपल्यासारख्या विज्ञानवाल्यांसाठी गॅलिलिओचं उदाहरण जास्त जवळचं आहे. तो पादुआच्या विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक होता. ते विद्यापीठ व्हेनिसच्या राज्यात होतं, त्यामुळे पगार देणारं सरकार व्हेनिसचं. ऑगस्ट १६०९ मध्ये त्याने स्वतः सुधारलेली दुर्बीण व्हेनिसच्या डोजला, म्हणजे राज्यप्रमुखाला, भेट दिली आणि सोबत पत्र लिहिलं. त्या पत्रात चंद्र नाही, तारे नाहीत. शत्रूची जहाजं एरवी दिसतात त्याच्या दोन तास आधी दिसतील, किती आहेत आणि कशी आहेत ते आधीच कळेल, हे आहे. व्हेनिस समुद्रावर जगणारं राज्य. त्याचा पगार जवळजवळ दुप्पट होऊन वर्षाला १००० फ्लोरिन ठरला आणि जागा कायमची झाली.

पण त्याला शिकवण्याच्या आणि खासगी शिकवण्यांच्या रहाटगाडग्यातून सुटायचं होतं. मार्च १६१० मध्ये त्याचं ‘सिडेरिअस नुन्सिअस’ हे पुस्तक आलं. गुरूच्या चार चंद्रांना त्याने फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याचं नाव दिलं होतं. मग ७ मे १६१० ला त्याने तिथल्या दरबाराचा सचिव बेलिसारिओ विंता याला लांबलचक पत्र लिहिलं. हे पत्र म्हणजे आजच्या रिसर्च स्टेटमेंटचा पणजोबा आहे. झालेलं काम काय, ते लोकांसमोर मांडल्यावर विरोधकांचं काय झालं, आता हातात काय आहे, पुढे कोणती पुस्तकं लिहायची आहेत (विश्वाच्या रचनेवर, गतीवर, यंत्रशास्त्रावर, भरती-ओहोटीवर, ध्वनीवर), त्यासाठी काय हवं (मोकळा वेळ), आणि पदाच्या नावाबद्दल एक स्पष्ट अट: नुसतं ‘गणिती’ नको, ‘तत्त्वज्ञ’ही हवं. त्या काळात निसर्ग का असा वागतो हे सांगण्याचा अधिकार तत्त्वज्ञाचा. गणितीने फक्त मोजायचं. म्हणजे पदनामाचा हट्ट मिरवण्यासाठी नव्हता, त्यावर त्याच्या कामाचा हक्क ठरत होता. जुलै १६१० मध्ये नेमणूक झाली, दोन्ही पदनामांसह आणि शिकवण्याच्या सक्तीविना.

आता गंमत बघा. विश्वरचनेवरचं जे पुस्तक त्या पत्रात ‘लिहायचं आहे’ म्हणून होतं, ते आलं १६३२ मध्ये. गतीवरचं आलं १६३८ मध्ये. म्हणजे २२ आणि २८ वर्षांनी. ‘पहिल्या सहा महिन्यांत लिटरेचर रिव्ह्यू, पुढच्या सहा महिन्यांत डेटा’ असा तक्ता काढताना हे आठवलं तर हसू येईल. पण लक्षात घ्या, ती पुस्तकं आली. पत्रातल्या यादीत त्याने जे लिहिलं होतं त्यावर त्याचं काम आधीपासून चालू होतं. पुढच्या कामाचा आराखडा विश्वासार्ह वाटतो तो तारखांमुळे नाही. त्याची मुळं झालेल्या कामात दिसतात म्हणून.

आणि चंद्रांना धन्याच्या घराण्याचं नाव देणं? ती खुशामतच होती. तो दरबारी काळ होता आणि नोकरी एका माणसाच्या मर्जीवर होती. या मर्जीचा रोग पुढे किती वाढला, ते आता बघू.

मर्जी, बंदूक आणि परीक्षा

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत निवडणूक जिंकली की सरकारी नोकऱ्या आपल्या माणसांना वाटायच्या, ही रीतच होती. नवा अध्यक्ष आला की त्याच्या दारात अर्जदारांची रांग लागायची. त्या रांगेत १८८१ मध्ये चार्ल्स गिटो नावाचा एक माणूस होता. निवडणुकीत आपण एक भाषण लिहून छापलं, म्हणून अध्यक्ष गारफिल्ड आपल्यामुळेच निवडून आले, असा त्याचा ठाम समज होता. त्याला पॅरिसमध्ये वकिलातीतलं पद हवं होतं. तो पत्रांमागून पत्रं लिहीत राहिला. पदाच्या कामाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. मागणी फक्त ‘मी तुमच्यासाठी केलं, आता तुम्ही माझ्यासाठी करा’ एवढीच. नकार मिळाल्यावर २ जुलै १८८१ ला त्याने गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ सप्टेंबरला ते गेले. त्या धक्क्यातून जानेवारी १८८३ मध्ये पेंडल्टन कायदा झाला आणि अनेक सरकारी पदांसाठी स्पर्धा परीक्षा आली.

ब्रिटनमध्ये हा विचार आधीच सुरू झाला होता. १८५४ च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालाने वशिल्याऐवजी खुली परीक्षा सुचवली. त्याच वर्षी मेकॉलेच्या समितीने हिंदुस्थानातल्या सनदी नोकरीसाठी परीक्षेचा आराखडा दिला आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली परीक्षा झाली. कंपनीच्या संचालकांच्या चिठ्ठीवर मिळणारी नोकरी आता मार्कांवर मिळू लागली. कागदावर हे फारच न्याय्य होतं. पण मार्क कशाला होते? ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५०, संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५. परीक्षा फक्त लंडनला. हे अंतर पार करून १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर निवडले जाणारे पहिले भारतीय ठरले. त्यांची जवळजवळ सगळी नोकरी मुंबई इलाख्यात झाली, अगदी साताऱ्यापर्यंत. भारतात ही परीक्षा व्हायला १९२२ साल उजाडलं.

परीक्षेमुळे वशिल्याची एक दार बंद झालं, ही मोठीच गोष्ट. पण परीक्षेला एक गोष्ट दिसत नाही. ती कळण्यासाठी दोन माणसांकडे बघा. सी. व्ही. रामन १९०७ मध्ये वित्त खात्याच्या सनदी परीक्षेत पहिले आले आणि कलकत्त्याला सहायक महालेखापाल झाले. श्रीनिवास रामानुजन यांना एफ.ए. म्हणजे इंटरची परीक्षा काही केल्या पास होता आली नाही, आणि १९१२ मध्ये ते मद्रासला कारकून झाले, तेही हिशेबाच्याच खात्यात. एक परीक्षेत पहिला, दुसरा नापास. परीक्षेने दोघांनाही वह्या तपासायला बसवलं! संशोधक म्हणून दोघे पुढे आले ते परीक्षेमुळे नाही. ऑफिसच्या आधी आणि नंतरच्या वेळात रामन यांनी जे प्रयोग केले, छापले, ते आशुतोष मुखर्जींनी पाहिले होते. १९१७ मध्ये रामन कमी पगारावर कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापक झाले. आणि रामानुजन? त्यांनी दोन अर्ज लिहिले.

रामानुजन यांचे दोन अर्ज

हा भाग नीट वाचा. एकाच माणसाने अकरा महिन्यांच्या अंतराने लिहिलेली ही दोन पत्रं आहेत. परिस्थिती तीच, अपयश तेच, पण वाचणारा वेगळा.

पहिला अर्ज ९ फेब्रुवारी १९१२ चा, मद्रास पोर्ट ट्रस्टच्या मुख्य लेखापालांना. अगदी छोटा. तुमच्या कचेरीत कारकुनाची जागा रिकामी असल्याचं कळलं, मी अर्ज करतो. मॅट्रिक झालो आहे, एफ.ए.पर्यंत शिकलो, काही प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आलं नाही. मधल्या काळात सगळा वेळ गणितात घालवला आहे. या पदाच्या कामाला मी न्याय देऊ शकेन याची खात्री आहे. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचं शिफारसपत्र होतं. १ मार्च १९१२ पासून महिना ३० रुपयांवर नोकरी मिळाली.

यात काय आहे? अपयश लपवलेलं नाही, पण त्याचं रडगाणंही नाही. एक वाक्य, आणि लगेच ‘त्या काळात मी काय केलं’. आणि प्रमेयांची भेंडोळी नाहीत. हिशेबनिसाला अनंत श्रेणीशी काय करायचंय?

दुसरं पत्र १६ जानेवारी १९१३ चं, केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना. इथेही सुरुवात सरळ: मी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कारकून आहे, पगार अमुक. विद्यापीठाचं शिक्षण झालेलं नाही. शाळेनंतर मिळेल तो वेळ गणितात घालवला. आणि मग ते थेट हार्डींच्याच पुस्तिकेवर येतात. तुमच्या ‘ऑर्डर्स ऑफ इन्फिनिटी’मध्ये तुम्ही म्हणता की दिलेल्या संख्येपेक्षा लहान मूळ संख्या किती, याचं निश्चित सूत्र अजून सापडलेलं नाही, मला खऱ्या उत्तराच्या अगदी जवळ जाणारं सूत्र मिळालं आहे. पुढे पानांमागून पानं, शंभरावर निष्कर्ष.

याच सुमारास त्यांनी केंब्रिजच्याच बेकर आणि हॉब्सन या गणितींनाही लिहिलं होतं. तिथून काही हाती लागलं नाही. हार्डी आणि लिटलवूड यांनी मात्र ती पानं घेऊन बैठक मारली. आणि हे विशेष आहे: मूळ संख्यांबद्दलचा जो दावा पत्राच्या सुरुवातीला होता, तो पुढे चुकीचा ठरला! पण इतर निष्कर्षांमधले काही असे होते की ते कुणी नुसते मनाने रचू शकणार नाही, हे हार्डींच्या लक्षात आलं. उत्तरात त्यांनी काय मागितलं? सिद्धता. कौतुक आणि ‘पुरावा पाठवा’, दोन्ही एकत्र.

हार्डींचा पाठिंबा मद्रासला पोहोचला आणि मे १९१३ पासून मद्रास विद्यापीठाने रामानुजन यांना महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. पदवी नसलेल्या माणसाला. कारकुनीतून संशोधनात येण्याची वाट अशी एका पत्रावर उघडली.

तर दोन्ही पत्रांतला समान धागा पकडा. पत्रांत ‘मी किती हुशार’ असं वर्णन नाही. पहिल्यात ‘तुमच्या कामाला मी कसा पुरेसा आहे’, दुसऱ्यात ‘तुमच्याच प्रश्नाला माझ्याकडे काय आहे’. आणि दोन्हींत वाचणाऱ्याला पडताळता येईल असं काहीतरी सोबत. पहिल्यात शिफारसपत्र, दुसऱ्यात निष्कर्ष. अर्जातला निबंध स्वतःबद्दल असतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो समोरच्याच्या कामाबद्दल असतो, आणि त्या कामात तुम्ही कुठे बसता याचा पुरावा असतो.

एक छोटी तळटीपवजा गोष्ट: हार्डींना लिहिताना त्यांनी वय साधारण २३ सांगितलं, जन्म २२ डिसेंबर १८८७ चा, म्हणजे पुरी २५. तुम्ही असलं काही करू नका. मॅट्रिकचं सर्टिफिकेट अपलोड करावं लागतं.

रकाना जातो, रकाना येतो

आता पुन्हा अमेरिकेत, कारण अर्जातल्या निबंधाचा सगळ्यात मोठा प्रयोग तिथे झाला. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी बरीच वर्षं ‘केएसए’ मागत. ज्ञान, कौशल्य आणि क्षमता यांवर स्वतंत्र निबंध. कल्पना चांगली होती: या पदासाठी जे लागतं ते तुम्ही कधी, कुठे वापरलं ते सांगा. त्यातूनच ‘परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलं, निष्पन्न काय झालं’ अशा चौकटीत लिहिण्याचे सल्ले पसरले.

पण कोणतीही चौकट फार वापरली की तिचा साचा होतो. चीनमध्ये हे कितीतरी आधी घडलं होतं. तिथल्या सरकारी परीक्षेत मिंग काळापासून ‘आठ पायांचा निबंध’ लिहावा लागे, ठरावीक आठ भागांत, समतोल ओळींत. पुढे विचारापेक्षा पाय मोजणं महत्त्वाचं झालं, आणि १९०५ मध्ये ती परीक्षापद्धतच बंद झाली. अमेरिकेत केएसए लिहून देणारे व्यावसायिक लेखक तयार झाले. अर्ज भरायला दिवसचे दिवस लागू लागले आणि चांगली माणसं अर्ज न करताच परत फिरू लागली. ११ मे २०१० ला अध्यक्ष ओबामांनी आदेश काढला: पहिल्या टप्प्यावर निबंध मागू नका, बायोडेटा आणि साधं पत्र पुरे.

मग संपला का निबंध? नाही. मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारने नवी भरती योजना आणली आणि अर्जात चार लघुनिबंध परत आले, प्रत्येकी २०० शब्दांच्या आतले. सोबत हमीपत्र: उत्तरं माझ्या स्वतःच्या शब्दांत आहेत, सल्लागाराची किंवा चॅटजीपीटीसारख्या एआयची मदत घेतलेली नाही. या वेळच्या प्रश्नांमध्ये अध्यक्षांची धोरणं तुम्ही कशी पुढे न्याल असाही एक प्रश्न होता, आणि त्यावरून मोठा वाद झाला. साहजिक आहे. ज्या मर्जीला बाहेर काढायला १८८३ चा कायदा आला, ती निबंधाच्या मागच्या दाराने परत येईल अशी भीती लोकांना वाटली.

आपल्याकडेही लंबक असाच हलतो. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा स्वतंत्र पेपर १९९३ पासून आहे. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा आता पर्यायी प्रश्नांकडून पुन्हा वर्णनात्मक पद्धतीकडे आली आहे. नुसत्या गोलांनी माणूस कळत नाही, आणि नुसत्या निबंधाने कळतो असंही नाही. म्हणून दोन्ही येत-जात राहतात.

मग तुमच्या रकान्यात काय लिहायचं?

समजा, पाण्याची गुणवत्ता तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत जागा आहे आणि तुमचा एम.एस्सी.चा प्रकल्प पाण्यावर आहे. सहसा असं लिहिलं जातं:

‘मला पर्यावरणाची मनापासून आवड आहे. मी मेहनती आणि प्रामाणिक असून संघभावनेने काम करतो. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी पाण्याच्या परीक्षणावर काम केले. आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास मी तिचे सोने करीन.’

यातलं एकही वाक्य खोटं नसेल. पण एकही वाक्य फक्त तुमचं नाही. संस्थेचं नाव बदललं की हाच मजकूर दुसरीकडे चालतो. आता हे बघा:

‘एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी ४० विहिरींच्या पाण्यातील फ्लोराइड इलेक्ट्रोडने मोजले. सकाळच्या आणि दुपारच्या नोंदींत फरक येत होता. प्रत्येक नोंदीसोबत तापमान लिहू लागल्यावर कारण लक्षात आले. त्यानंतर प्रत्येक बॅचआधी प्रमाण द्रावणावर कॅलिब्रेशन केले आणि आधीचे १२ नमुने पुन्हा मोजले. या पदाच्या जाहिरातीत जिल्हा प्रयोगशाळांकडून येणाऱ्या आकड्यांची पडताळणी हे काम दिले आहे. वेगवेगळ्या तापमानात घेतलेल्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्यापासून मी सुरुवात करू इच्छितो.’

शब्द साधे, इंग्रजाळलेला थाट नाही, स्वतःचं एकही विशेषण नाही. पण हा माणूस मेहनती आणि प्रामाणिक आहे हे वाचणाऱ्याने स्वतःच ठरवलं. आधीचे १२ नमुने पुन्हा मोजले, त्यातच ते आलं. आणि शेवटची दोन वाक्यं फक्त याच जाहिरातीला लागू आहेत.

हे लिहायला आधी काय करावं लागतं? जाहिरात छापून घ्या आणि तिच्यातली क्रियापदं अधोरेखित करा: तपासणे, विकसित करणे, समन्वय साधणे, अहवाल देणे. प्रत्येक क्रियापदासमोर लॅबच्या वहीतली एक खरी घटना लिहा. जिथे घटना सापडत नाही तिथे रिकामं ठेवा, विशेषणाने भरू नका. सगळ्यात मजबूत दोन-तीन घटना घ्या आणि उरलेल्या इंटरव्ह्यूसाठी राखा. इंटरव्ह्यूचे प्रश्न बहुतेक वेळा अर्जातूनच निघतात, त्यामुळे जे खोलात सांगता येणार नाही ते लिहूच नका.

गॅप असेल, एखादं वर्ष गेलं असेल, नेटचे दोन प्रयत्न फसले असतील, तर रामानुजन यांच्यासारखं एका वाक्यात सांगा आणि पुढच्याच वाक्यात त्या काळात काय केलं ते सांगा. घरची शेती बघितली, क्लासमध्ये शिकवलं, आजारी माणसाची सेवा केली, हेही करणंच आहे.

एआयबद्दल अनेक जण विचारतात. अर्जात बंदी असेल तर प्रश्नच मिटला. बंदी नसली तरी एक बघा: ते यंत्र तुम्हाला सफाईदार वाक्यं देईल, पण दुपारी इलेक्ट्रोडची नोंद हलली होती हे त्याला माहीत नाही. ते फक्त तुम्हाला माहीत आहे, आणि निवड समितीला तेवढंच हवं असतं.

शेवटी एक गोष्ट, खास करून तालुक्याच्या कॉलेजमधून आलेल्या मित्रमैत्रिणींसाठी. अर्जातला निबंध ज्याच्या घरात चार शिकलेली माणसं आहेत त्याला सोपा जातो, हे खरंच आहे. रामानुजन यांच्या अर्जासोबतही एका प्राध्यापकाचं पत्र होतं. म्हणून विचारायला लाजू नका. मसुदा लिहिला की विषय न समजणाऱ्या एकाला आणि विषय समजणाऱ्या एकाला वाचायला द्या. दोघांनाही एकच प्रश्न विचारा: ‘हे वाचून मी नेमकं काय केलं ते तुला सांगता येईल का?’ त्यांनी ‘छान लिहिलंयस’ म्हटलं तर पुन्हा लिहा. त्यांनी तुमचं काम त्यांच्या शब्दांत सांगितलं, तर पाठवून द्या.

शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री सर्व्हर बंद पडतो, तेव्हा दोन दिवस आधी पाठवा.